शुश्रूषा करणारी माणसे : निवड आणि टिकाव



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय सुचवण्यात आला, त्याचे शब्द असे होते : 'शुश्रूषेच्या कामासाठी चांगली माणसे कशी मिळवावीत व ती कशी टिकवावीत?' हा प्रश्न विचारणारा सहसा नेमणूक करणारा असतो. तो रुग्णालयाचा अधीक्षक असेल, वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक असेल, जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी असेल किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी बाई शोधणारा एखादा मुलगा असेल. त्याच्या दृष्टीने मिळवणे हे आधीचे काम आणि टिकवणे हे नंतरचे. माझ्या मते हा क्रम उलट लावला पाहिजे. जेथे माणसे टिकतात तेथे ती मिळतातही. जेथून ती सहा महिन्यांत निघून जातात तेथे जाहिरातींवर कितीही खर्च केला तरी जागा रिकाम्याच राहतात. कामावर येऊ इच्छिणारी स्त्री वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून निर्णय घेत नाही. ते काम सोडून आलेल्या आपल्या मावसबहिणीला किंवा शेजारणीला ती आधी विचारते.

'शुश्रूषा' हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहे. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. शिष्याने गुरूचे ऐकावे, त्यासाठी त्याच्याजवळ राहावे, त्याचे हवे-नको पाहावे, असे करता करता तो शब्द रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोचला. आज ह्या कामाची व्याप्ती फार मोठी आहे. रुग्णालयातील नोंदणीकृत परिचारिका, उपकेंद्रातील सहायक परिचारिका-प्रसाविका, गावातील आशा, अंगणवाडीतील सेविका व मदतनीस, शहरातील घरांमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या आया आणि परिचर, या सर्वांचा त्यात समावेश होतो. यांतील काहींना वेतन मिळते, काहींना मानधन, काहींना केवळ कामागणिक मोबदला. आणि ज्यांना काहीच मिळत नाही अशा घरातील बायका-मुलींची संख्या या सर्वांहून कितीतरी मोठी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. मुले, वृद्ध, आजारी यांची घरच्या घरी देखभाल करणाऱ्यांचे आकडे अनुक्रमे १३७ आणि ७५ मिनिटे असे आहेत. मोल देऊन घेतलेल्या शुश्रूषेची किंमत आपल्याकडे इतकी कमी का, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांतच आहे. जे काम घरात फुकट होताना आपण जन्मभर पाहिले, त्याला दाम मोजताना आपला हात आखडतो.

'सेवा' या शब्दानेही आपला बराच घोटाळा केला आहे. देवाची सेवा, गुरूची सेवा, देशाची सेवा. आणि सेवा म्हटली की तिचा मोबदला मागणे हे काहीसे हलकेपणाचे. गंमत अशी की आपल्या देशातील सर्वांत वजनदार नोकरीचे नावही 'भारतीय प्रशासकीय सेवा' असेच आहे. परंतु तेथे कोणी जिल्हाधिकाऱ्याला असे सुचवीत नाही की, आपण सेवा करीत आहात, तेव्हा मानधनावर समाधान मानावे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या पाहणीसाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. हे प्रमाण ५०० लोकांमागे एक असे व्हावे, असे उद्दिष्ट समितीने १९७१ सालासाठी सुचवले होते. इतका तुटवडा का होता, याचे कारण केवळ शिक्षणसंस्थांची उणीव हे नव्हते. रक्त, मलमूत्र, प्रसूती यांच्याशी निगडित असलेल्या विटाळाच्या कल्पना, परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श करण्याविषयीचा संकोच, रात्रपाळी, आणि त्यामुळे त्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी समाजात होणारी कुजबुज, ही सारी कारणे होती. म्हणूनच मिशन रुग्णालयांमधून तयार झालेल्या ख्रिस्ती मुलींनी, आणि त्यांतही त्रावणकोर-कोचीनच्या मुलींनी, या व्यवसायाचा फार मोठा भार दीर्घकाळ वाहिला.

इतर समाजांतील स्त्रियांना या कामाकडे आणण्याचे जे यत्न झाले, त्यांपैकी पुण्याच्या सेवासदनाचा उल्लेख केला पाहिजे. १९०९ साली स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या संस्थेने विधवा व इतर गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. विधवेला घराबाहेर पाठवण्यास घरचे लोक तयार झाले, ते व्याख्याने ऐकून झाले असतील असे मला वाटत नाही. ती कोठे राहणार, कोणाच्या देखरेखीखाली राहणार, जेवणखाणाचे काय, या प्रश्नांना तेथे समाधानकारक उत्तरे मिळत होती, हे अधिक महत्त्वाचे. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही दूरच्या उपकेंद्रावर नेमलेली परिचारिका गावात का राहत नाही, असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा तिला राहण्यास दिलेल्या खोलीला आतून कडी लागते काय आणि पाणी कोठून आणावे लागते, हे आपण पाहून आलेले नसतो.

निवड चुकली म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि थोडी औषधे, असे तिचे स्वरूप होते. कल्पना उदात्त होती. परंतु निवड बहुतेक ठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या हाती गेली आणि निवडले गेलेले बहुसंख्य लोक पुरुष होते. ज्या गावात मृत्यू प्रामुख्याने बाळंतिणींचे आणि तान्ह्या मुलांचे होत होते, तेथे कार्यकर्ता म्हणून सरपंचाचा पुतण्या आला! तो बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकत नव्हता, आणि पुष्कळांना जाण्याची इच्छाही नव्हती. त्यांचे लक्ष औषधांच्या पेटीकडे आणि पुढेमागे सरकारी नोकरी लागण्याच्या आशेकडे होते. योजनेचे नाव दोनदा बदलले, संघटना झाल्या, न्यायालयात दावे गेले आणि हळूहळू योजना विरून गेली. ५० रुपयांच्या मानधनावर अपयशाचे खापर फोडणे सोपे आहे, आणि ते पूर्णपणे चुकीचेही नाही. पण मूळ दुखणे असे होते की, या माणसाने नेमके कोणाच्या उशाशी बसायचे आहे हा प्रश्न निवडीच्या वेळी कोणी विचारला नाही.

याच दशकात अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) जामखेड येथे वेगळा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे कामास प्रारंभ केला. प्रथम त्यांनीही शिकलेल्या परिचारिका-प्रसाविका खेड्यांत पाठवण्याचा विचार केला होता. त्या मुली गावात राहण्यास राजी नव्हत्या, आणि गावालाही त्या परक्याच वाटत. मग त्यांनी गावातल्याच बायका घेतल्या. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित व गरीब घरांतील होत्या आणि वयाने प्रौढ होत्या. या स्त्रियांना एकदाच प्रशिक्षण देऊन सोडून दिले गेले नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, आपापल्या गावातील अडचणी मांडत आणि नवे काही शिकून परत जात. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. मला स्वतःला या प्रयोगातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती आठवड्याच्या मुक्कामाची. जी स्त्री गावात एकटीच त्या प्रकारचे काम करते, तिला गावाबाहेर आपल्यासारख्याच दहा-वीस जणी भेटाव्यात, रात्री त्यांच्याशी बोलता यावे, यातून ती जे बळ घेऊन परतते ते मानधनाच्या रकमेत मोजता येत नाही. मात्र या वाक्याचा आधार घेऊन कोणी मानधन कमी करू नये!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या कामाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे देशभरातील आशांकडे नवजात बालकाच्या गृहभेटींचे जे काम आले, त्याचे मूळ येथे आहे.

छत्तीसगढमध्ये २००२ साली 'मितानिन' कार्यक्रम सुरू झाला, तो याच परंपरेतला. मितानिन म्हणजे मैत्रीण. त्या प्रदेशात दोन मुलींमध्ये विधिपूर्वक जोडलेल्या आणि जन्मभर पाळल्या जाणाऱ्या मैत्रीला हा शब्द लावतात. येथे निवड गावपातळीवर न करता पाड्यापाड्यावर करण्यात आली. एका गावाचे चार पाडे असले तर त्यांतील सर्वांत दूरच्या, बहुधा आदिवासी वा दलित वस्तीचा पाडा ग्रामसभेत बोलतच नाही. प्रत्येक पाड्याला आपली मितानिन निवडता यावी हा हेतू. निवडीपूर्वी प्रेरक वस्तीत पुनःपुन्हा जात, कलापथके खेळ करीत, आणि मगच वस्ती आपली बाई निवडे. वेळ फार लागे. जिल्हा कचेरीत बसलेल्या माणसाला ही दिरंगाई वाटते. त्याला महिनाअखेर अमुक इतक्या नेमणुका झाल्याचा तक्ता वर पाठवायचा असतो. परंतु १९७७ साली जे आठवड्यात उरकले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागले, त्याच्याशी तुलना केली तर हा वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून 'आशा' आली. आज देशात सुमारे १० लाख आशा आहेत. त्यांच्या निवडीच्या अटींमध्ये एक बारीकशी गोष्ट आहे, ती जरा थांबून पाहण्याजोगी आहे. आशा गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी आणि २५ ते ४५ वर्षे वयाची असावी, असे मूळ सूचनांत म्हटले होते. अविवाहित मुलगी का नको? कारण लग्न झाले की ती सासरच्या गावी जाते आणि तिच्यावर केलेले प्रशिक्षण तिच्याबरोबर निघून जाते. सून मात्र गावात राहते. म्हणजे टिकावाचा विचार येथे निवडीच्या अटीतच घातला गेला. शिक्षणाची अट आठवीपर्यंतची होती. पुढे ती दहावीकडे सरकत गेली. कागदपत्रांचे काम वाढल्यामुळे हे घडले असावे, आणि त्यात एक धोका आहे. ज्या वस्तीत दहावी झालेली सून नसते, त्या वस्तीलाच आशेची गरज सर्वांत अधिक असते.

निवड चांगली झाली, मोबदल्याची रचना मात्र विलक्षण ठेवण्यात आली. आशा ही कर्मचारी नसून स्वयंसेविका मानली गेली आणि तिला वेतनाऐवजी प्रत्येक कामामागे ठराविक रक्कम देण्याची पद्धत पडली. गर्भवतीला दवाखान्यात पोचवले की एक रक्कम, लसीकरण पूर्ण झाले की दुसरी. नवजात बालकाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात भेटी दिल्या की २५० रुपये. कामागणिक पैसे देण्यात गैर काय, असे कोणी विचारील. विणकराला वारावर मजुरी मिळतेच की! पण विणलेले कापड मोजता येते. शुश्रूषेचा मोठा भाग मोजपट्टीच्या बाहेर पडतो. ज्या घरात मूल दगावले तेथे त्या आईजवळ चार दिवस जाऊन बसणे, सासूची समजूत घालणे, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यापुढे उभे राहणे, यांसाठी नोंदवहीत रकाना नाही. ज्याला रकाना आहे तेवढेच काम करावे, असा धडा ही पद्धत दर महिन्याला देते. आणि तरीही लाखो आशा रकान्याबाहेरचे काम करतात, हे तिचे यश नव्हे.

दरमहाच्या ठराविक कामांसाठी केंद्राकडून मिळणारी निश्चित रक्कम २०१८ साली २,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये ती ३,५०० करण्याचा निर्णय झाला. राज्ये त्यात आपापली भर घालतात, ती कोठे जास्त, कोठे कमी. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. तत्पूर्वी नऊ वर्षे, म्हणजे २०१३ साली, पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशी शिफारस केली होती की आशा, अंगणवाडी सेविका यांसारख्या योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे, त्यांना किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी. गौरव लवकर पोचतो. रकमेइतकेच, किंबहुना तिच्याहूनही अधिक नुकसान तिच्या विलंबाने होते. चार महिन्यांचा मोबदला पाचव्या महिन्यात एकदम मिळाला तरी मधल्या काळात किराणा दुकानदाराकडे पत गेलेली असते, आणि घरात नवरा व सासू यांच्यापुढे आपल्या कामाची बाजू मांडण्याचे बळही गेलेले असते.

अंगणवाडीची कथा याहून जुनी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ विकासगटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेथेही शब्द 'मानधन' हाच. अंगणवाडी सेविका शासनाच्या नागरी पदावर आहेत असे मानता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला होता. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने मात्र अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यान्वये उपदान, ज्याला आपण व्यवहारात ग्रॅच्युइटी म्हणतो, ते मिळण्याचा हक्क आहे असे ठरवले. चाळीस वर्षे मुलांना खाऊ घालून घरी जाणाऱ्या बाईला काही रक्कम हातात पडावी, यासाठी गुजरातमधील सेविकांना तिथवर जावे लागले.

आता रुग्णालयांकडे पाहू. येथे चित्र निराळे आहे. परिचारिकांचे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत, दरवर्षी हजारो मुली आणि मुलगेही पदविका व पदवी घेऊन बाहेर पडतात. आणि तरीही रुग्णालयांच्या कक्षांत रात्री एकेका परिचारिकेवर तीस-चाळीस रुग्णांचा भार असल्याच्या तक्रारी ऐकू येतात. ही माणसे जातात कोठे? काही आखाती देशांत, काही ब्रिटन-आयर्लंडला, अलीकडे जर्मनीलाही. काही लग्नानंतर व्यवसायच सोडतात. परदेशी जाणाऱ्या परिचारिकेला देशप्रेमाचे धडे देण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याच रुग्णालयातला शल्यचिकित्सक गेला तर आपण त्याचा सत्कार करतो. शिवाय तिने पाठवलेल्या पैशांवर घरची घरे उभी राहिली आहेत, धाकट्या बहिणी शिकल्या आहेत. ती जाते याचा शोक करण्याऐवजी, जी गेली नाही तिला आपण काय दिले हे पाहावे.

बऱ्याच खासगी रुग्णालयांनी पूर्वी यावर एक सोपा उपाय काढला होता. नोकरीच्या आरंभी परिचारिकेकडून करारनामा लिहून घ्यायचा, तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवायची आणि मुदतीपूर्वी सोडून गेल्यास मोठी रक्कम मागायची. अशा रीतीने माणूस इमारतीत राहतो, हे खरे. पण ज्याचे मन दाराकडे लागले आहे त्याच्या हाती सलाईनची सुई देण्यात कोणते शहाणपण आहे? या प्रकारांविरुद्ध आणि तुटपुंज्या पगारांविरुद्ध परिचारिकांनी दिल्ली, मुंबई, केरळ येथे संप केले. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला. त्या समितीने सुचवले की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि अगदी लहान, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते महिना २०,००० रुपयांहून कमी नसावे. केरळने २०१८ मध्ये २०,००० रुपयांची किमान मर्यादा अधिसूचनेने लागू केली. इतर अनेक राज्यांत ती शिफारस कागदावरच राहिली.

परंतु वेतन हा टिकावाचा केवळ एक भाग आहे. पाळ्यांचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी कळतो काय, सलग किती रात्रपाळ्या लागतात, कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली आहे काय, अशा वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांवर माणसे थांबतात किंवा जातात. कपडे बदलण्याची खोली हा शब्द मी सहज उच्चारलेला नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या तळघरात, त्या कपडे बदलत असताना, सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या चांगल्या परिस्थितीसाठी संप केला. आणि त्याच परिचारिकांनी, मग त्यांच्यानंतर आलेल्यांनी, मग त्यांच्याही नंतर आलेल्यांनी, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत बेचाळीस वर्षे त्यांची शुश्रूषा केली. त्यांना तेथून हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. २०११ सालच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्यांनी अरुणाला चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते अशा तरुण मुली तिला आपली मानून भरवीत होत्या, कूस बदलून देत होत्या. एखाद्या कक्षात काही एक परंपरा असली की ती नव्या मुलीला कशी आपल्यात ओढून घेते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. पण ते उदाहरण देऊन परिचारिकांच्या निष्ठेवर भाषण करणाऱ्याने तळघरातील त्या खोलीविषयीही बोलले पाहिजे.

आपला देश वृद्ध होत आहे, हे आपण ऐकून आहोत. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोकांची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे ८.६ टक्के होती. केरळमध्ये हे प्रमाण १२.६ टक्क्यांवर गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक साठीच्या पुढचा असेल. केरळने यासंबंधात जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. १९९३ साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुःखशमनाचे एक छोटे बाह्यरुग्ण केंद्र सुरू झाले. पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागात शेजारपाजारच्या लोकांनी स्वयंसेवक होऊन घरोघरच्या खिळलेल्या रुग्णांची जबाबदारी उचलली. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण जाहीर केले आणि पंचायतींमार्फत गृहभेटी देणाऱ्या परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. येथे एक विवेक पाळला गेला आहे. जखमेची मलमपट्टी, मूत्रनलिका बदलणे, वेदनाशामक औषधाची मात्रा, ही कामे शिकलेल्या व पगारी परिचारिकेची. रुग्णाजवळ गप्पा मारणे, त्याच्या मुलांच्या फीची व्यवस्था पाहणे, रेशन पोचवणे, ही कामे शेजाऱ्यांची. स्वयंसेवकाच्या चांगुलपणातून परिचारिकेचा पगार वाचवण्याचा विचार तेथे मुळाशी नव्हता, आणि म्हणूनच दोघेही टिकले असे मला वाटते.

राहता राहिल्या शहरांतील आया आणि परिचर. यांच्याविषयी कोणताही आयोग बसलेला मला आठवत नाही. ब्युरोतून बाई येते. घरमालक ब्युरोला पैसे देतो, ब्युरो आपला वाटा कापून उरलेले तिला देतो. तिचे शिक्षण काय, तिला कोणी काही शिकवले काय, हे पाहणारी यंत्रणा नाही. मुलगा म्हणतो, 'चांगली बाई मिळत नाही.' त्याला मी काही साध्या गोष्टी सुचवीन. तोंडावरच्या गोडव्यावर निवड करू नका. तिला एक पूर्ण दिवस, त्या दिवसाचे पैसे देऊन, आईजवळ बसवा आणि संध्याकाळी तिला विचारा, 'काय काय दिसले?' आजींना डाव्या कुशीवर वळताना दुखते, पाणी प्यायला त्या टाळाटाळ करतात कारण पुन्हा पुन्हा उठावे लागते, असे काही जिने सांगितले ती बाई ठेवावी. मग तिला इंग्रजी औषधांची नावे वाचता येवोत वा न येवोत. ती शिकवता येतात. शुश्रूषेचा मूळ अर्थ मी आरंभी सांगितला तो येथे उपयोगी पडतो. आणि त्याच संध्याकाळी आईलाही विचारा. तिचे मत कोणीच विचारीत नाही.

मग पहिले तीन-चार आठवडे. काम सोडून जाणाऱ्यांपैकी फार मोठा भाग याच काळात जातो. उठवताना वृद्धाचा तोल गेला, त्याने रागाने हात उगारला, चादर तिसऱ्यांदा बदलावी लागली, अशा वेळी नव्या बाईजवळ कोणी तरी जाणते असावे. घरात ते घरच्यांनी करावे, संस्थेत जुन्या सेविकेने. आणि त्या जुन्या सेविकेला या शिकवण्याचे वेगळे पैसे मिळावेत. रात्रपाळीच्या बाईला झोपायला जागा कोणती, तिचे जेवण केव्हा व कोणत्या भांड्यात, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. ज्या हातांनी आईचे सर्व विधी उरकले जातात त्या हातांसाठी घरात वेगळा पेला ठेवणारी सुशिक्षित घरे आजही आहेत. ती बाई तिसऱ्या महिन्यात का गेली, हे त्या घरांना खरोखर कळत नसेल काय?

शेवटी आशांकडे परत येतो, कारण त्यांच्यापुढे एक नवा प्रश्न उभा आहे. २००५-०६ मध्ये ज्या पस्तिशी-चाळिशीत या कामाला लागल्या, त्या आता पंचावन्न-साठीच्या आहेत, आणि त्यांच्या जागी नव्या निवडाव्या लागत आहेत. दहा वर्षे काम करून निवृत्त होणाऱ्या आशेला मिळणारी एकरकमी रक्कम २०,००० रुपये होती, ती २०२५ मध्ये ५०,००० करण्यात आली. निवृत्तिवेतन नाही. गावातील दहावी झालेली नवी सून अर्ज करण्यापूर्वी या जुन्या आशेच्या घरी जाऊन बसणार, तिचे गुडघे कसे आहेत ते पाहणार, आणि विचारणार की मावशी, वीस वर्षांत किती जमले.